संध्याकाळी सहा वाजता कुठे असाल

"घरी गेल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठे असाल?"

हा प्रश्न मला दवाखान्यातल्या एका बाईंनी विचारला. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. बरे होऊन घरी निघालेल्या माणसांशी बोलायचं आणि पुढे कसं जगायचं ते त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. आमच्या बिदर जिल्ह्यापासून तो मनाचा दवाखाना रेल्वेने एक रात्र आणि एक दिवस इतका लांब होता. तिथं सगळे कन्नड बोलायचे. मला कन्नड येतं, पण बाई बेळगावकडच्या असल्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायच्या. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं होतं, तरी तीन महिन्यांनंतर आपली भाषा ऐकून मला बरं वाटायचं.

मी म्हणालो, "घरी असेन."

"घरी म्हणजे कुठं? बसलेले की झोपलेले? समोर कोण असेल? हातात काय असेल?"

मला काही सांगता आलं नाही. संध्याकाळचे सहा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एकच जागा यायची, ती शिंदीखान्यातली, म्हणजे ताडीसारखी शिंदी विकतात त्या गुत्त्यातली. आठ वर्षं मी त्या वेळी तिथेच असायचो. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. उत्तर नाही हे तरी कळलं. तुम्हाला घरी पाठवायला अजून एक महिना आहे. तेवढ्यात शोधू."

मी कोण होतो ते आधी सांगायला हवं.

माझे वडील भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात दुसऱ्याच्या शेतात राबायचे. मी शाळेत असताना आमच्या गल्लीनं बुद्धाचा धम्म घेतला. त्यानंतर वडलांनी एकच गोष्ट धरून ठेवली, पोरानं शिकायचं. मी मॅट्रिक झालो, विजेच्या तारांचं काम शिकलो, आणि म्हैसूर राज्य होतं त्या काळात विजेच्या खात्यात लाईनमन म्हणून लागलो. आमच्या गल्लीतला मी पहिला सरकारी नोकर. मला औरादकडची चौदा गावं मिळाली. तेव्हा त्या भागात वीज नुकती यायला लागली होती. खांब उभे राहायचे, तारा ओढल्या जायच्या, आणि पहिला दिवा लागला की गावात जेवण व्हायचं. मग विहिरींवर मोटारी आल्या. मोटार बंद पडली की ऊस वाळतो, म्हणून लोक सायकलवर माणूस पाठवून मला बोलवायचे.

ज्या घरांच्या ओट्यावर माझ्या वडलांना कधी बसता आलं नव्हतं, त्या घरांत माझ्यासाठी खाट टाकायचे आणि समोर बाटली ठेवायचे. "लाईनमन, आधी घ्या, मग फ्यूज बघा." मला वाटायचं, हा मान आहे. नाही म्हणणं म्हणजे मान नाकारणं. पहिली दोन वर्षं मी तसं समजूनच पीत होतो. नंतर मानाची गरज राहिली नाही. कुणी दिली नाही तर मीच शोधत जायचो. सकाळी हात कापायचा, तो थांबवायला थोडी घ्यायची, संध्याकाळी शिंदी. पौर्णिमेला आम्ही सगळे विहारात बसून पंचशील म्हणायचो. पाचवं शील नशा न करण्याचं. तेही मी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचो. शेजारचा माणूस तोंड फिरवायचा, ते मला दिसायचं.

लोखंडी खांबाला कान लावला तर तो गुणगुणतो, हे प्रत्येक लाईनमनला माहीत असतं. वाऱ्यानं तारा थरथरतात, त्याचा तो आवाज. त्या वर्षांत कधीतरी त्या गुणगुणण्यात मला माझं नाव ऐकू यायला लागलं. आधी खांबाजवळ, मग खांब नसतानाही. पुढे पुढे तो आवाज सांगायला लागला की तुझ्या अंगात करंट शिरलाय, तू आता चालती लाईन आहेस. मी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. जास्त प्यालं की आवाज बारीक व्हायचा, म्हणून जास्त प्यायला लागलो. पण दुसऱ्या दिवशी तो दुप्पट व्हायचा.

एका दुपारी मी शाळेजवळच्या खांबावर चढलो आणि उतरलोच नाही. वर खांबाला बांधायच्या पट्ट्यात बसून राहिलो. खाली गाव जमलं. शाळेतली पोरं बाहेर आली, त्यात माझी नऊ वर्षांची मुलगीही होती. माझ्याबरोबर काम करणारा जोडीदार पलीकडच्या गावात होता. कुणीतरी त्याला आणलं. त्यानं आधी जाऊन लाईन बंद केली, मग चढून माझ्याशेजारी आला. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो म्हणाला, "ऊन लई हाय रे. चल, खाली जाऊन पाणी पिऊ." मी म्हणालो, "मला हात लावू नको, जळशील." तो म्हणाला, "लाईन मीच बंद करून आलोय. बघ." आणि त्यानं माझा हात धरला. त्याला काही झालं नाही हे बघून मी इतका चकित झालो की त्यानं मला दोरानं बांधलं ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो आणि माझा मेव्हणा मला घेऊन दवाखान्याला निघाले.

दवाखान्यातल्या पहिल्या महिन्याचं मला फार आठवत नाही. अंग थरथरायचं, घाम यायचा, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. मग गोळ्यांनी आवाज लांब गेला, जसा रस्त्यावरून जाणारा बँड पुढच्या गल्लीत जातो तसा. एके सकाळी तो नव्हताच. मी अंगणात उभा राहून कान देऊन ऐकत राहिलो. कावळे होते, झाडूचा आवाज होता, बाकी काही नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला खाटांच्या नवारी विणायला बसवलं. आणि चौथ्या महिन्यात बाईंनी तो सहा वाजताचा प्रश्न विचारला.

बाईंनी पत्र लिहून माझ्या बायकोला बोलावून घेतलं. ती तोवर बिदरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. मुलीला मंठाळला माझ्या थोरल्या बहिणीकडे, आमच्या अक्काकडे ठेवून ती एकटी आली. दोन गाड्या बदलल्या, एका गाडीत उलट्या दिशेला बसली, परत उतरली, पण आली. दवाखान्याच्या फाटकातून ती आत येताना मी बघितलं. तिनं पदर घट्ट खोचला होता आणि ती इकडेतिकडे न बघता सरळ चालत होती. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वाळलाव की." मग लगेच म्हणाली, "पण डोळे चांगले दिसायलेत."

तीन दिवस आम्ही तिघं बसलो. लिहायचं काम माझ्याकडे होतं. बाई म्हणाल्या, अक्षर तुमचं हवं, म्हणजे उद्या घरी वाचताना दुसऱ्या कुणी हुकूम दिलाय असं वाटणार नाही. पहिला प्रश्न, राहायचं कुठं. मी म्हणालो, आपल्या घरी, औरादकडच्या क्वार्टरमध्ये. बायको म्हणाली, "न्हाई." मी तिच्याकडे बघितलं.

"त्या घरातून बस स्टँडला जायला एकच वाट हाय, आन् ती शिंदीखान्यापुढून जाती," ती बाईंना सांगायला लागली. "दूध आणायला त्याच वाटेनं, दळण आणायला त्याच वाटेनं. रोज चार बार पुढून जायाचं आन् रोज चार बार न्हाई म्हणायचं. कोण म्हणंल?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी त्या वाटेनं हजार वेळा गेलो होतो, पण ती वाट आहे असं मला दिसलंच नव्हतं. बाईंनी मला लिहायला सांगितलं, 'घर बदलणे. भालकी.' भालकीला बायकोचा भाऊ, मला दवाखान्यात आणणारा तोच मेव्हणा, साखर कारखान्यात कामाला होता. तो खोली बघेल असं ठरलं.

दुसरा प्रश्न कामाचा. खांबावर चढायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्या साहेबांना दवाखान्याकडून पत्र जाणार होतं की या माणसाला जमिनीवरचं काम द्यावं. मला त्याची लाज वाटली. लाईनमन आणि जमिनीवर. पण लिहिलं. मग गोळ्या. त्या बायकोकडे राहतील, सकाळी आणि संध्याकाळी ती देईल, आणि महिन्यातून एकदा बिदरच्या एका डॉक्टरांना दाखवायचं. मग खुणा. आजार परत येतोय हे आधी कशावरून कळेल, असं बाईंनी विचारलं. मी म्हणालो, आवाज आला की कळेल. बायको म्हणाली, "त्याच्या आधी कळतंय. हे जेवताना मान वाकडी करून थांबतेत. कुणी हाक मारल्यावानी. घास हातातच ऱ्हातो." मला हेही माहीत नव्हतं. लिहिलं, 'जेवताना थांबणे.'

कुणी प्यायला बोलावलं तर काय म्हणायचं, याची बाईंनी चक्क तालीम घेतली. त्या स्वतः बोलावणारा शेतकरी झाल्या. "चला लाईनमन, बसू या." मी म्हणायचो, "नको, मला डॉक्टरांनी बंद केलंय." त्या म्हणायच्या, "अहो, एका पेल्यानं काय होतंय?" तिथं मी अडखळायचो. बायको तोंडावर पदर धरून हसत होती. चार महिन्यांत, खरं म्हणजे चार वर्षांत, मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होतो.

शेवटच्या दिवशी सगळं लिहून झालं. बाई कागद वाचून दाखवत होत्या. तेव्हा बायकोनं विचारलं, "आन् प्याले तर?"

मला राग आला. इतकं सगळं ठरवलं, लिहिलं, आणि आता हे. मी म्हणालो, "तुला माझा भरोसा न्हाई व्हय?"

"हाय की," ती म्हणाली. "म्हणून तर एवढ्या लांब आले. पण तुमी प्यालं की लपवताव. लपवलं की चार दिस जातेत, आन् चार दिसात ते परत ऐकू यायला लागतंय. मला प्यालेलं चालंल. लपवलेलं न्हाई चालायचं."

बाईंनी कागद परत माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाल्या, "हे सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात लिहा." मी लिहिलं. प्यालो तर त्याच दिवशी, जेवणाच्या आधी सांगायचं. तिनं भांडायचं नाही. दुसऱ्या दिवशी जोडीदाराला बोलावून बिदरच्या डॉक्टरांकडे जायचं.

कागदावर 'संध्याकाळी सहा' यापुढची जागा मात्र कोरीच राहिली. बाई म्हणाल्या, "हे घरी जाऊन भरा. पण लवकर भरा."

भालकीला आम्हाला जी खोली मिळाली ती एका मोटार भरायच्या दुकानाच्या मागे होती. शेतातल्या मोटारी जळाल्या की तिथं आणून टाकायचे. जळालेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश लावून वाळवायचं. दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराचं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. खात्यानं मला भालकीच्या ऑफिसात तक्रारी लिहून घ्यायच्या कामावर बसवलं. कुठला ट्रान्सफॉर्मर जळाला, कुठली तार तुटली, ते वहीत लिहायचं आणि दुसऱ्या लाईनमनला धाडायचं. साहेब भला माणूस होता. त्यानं फक्त एवढं विचारलं, "अक्षर नीट आहे ना?"

पहिल्याच आठवड्यात औरादकडचा एक ओळखीचा शेतकरी तक्रार घेऊन आला. मला बघून त्याला आनंद झाला. "लाईनमन, कुठं गायब झालाव? चला, बसू." मी तालमीतलं वाक्य म्हणालो. त्यानं तालमीतलंच पुढचं वाक्य म्हटलं, एका पेल्यानं काय होतंय. मी परत अडखळलो. आणि मग तोंडातून खरंच निघून गेलं, "अण्णा, मी येड्याच्या दवाखान्यातून आलोय. चार महिने होतो."

तो एक पाऊल मागे सरला. "बरं बरं," म्हणाला, आणि तक्रार लिहायची राहिली तरी निघून गेला. त्यानंतर मी ते वाक्य पुष्कळ वेळा वापरलं. दर वेळी लोक मागे सरकायचे आणि दर वेळी मला आत काहीतरी टोचायचं. पण बोलावणं बंद झालं, हेही खरं. लोकांची भीती माझ्या कामी आली. ऑफिसात माझ्या पेल्यातून कुणी पाणी पीत नव्हतं. वडलांच्या काळी जे कारण होतं ते आता नव्हतं, हे नवीन कारण होतं.

मागे न सरकलेला पहिला माणूस म्हणजे चाचा. पहिल्या काही दिवसांत मी संध्याकाळी खोलीबाहेर नुसता उभा राहायचो. सहा वाजले की पाय आपोआप चालायला बघायचे. बायको दारात बसून ज्वारी निवडायची आणि माझ्यावर नजर ठेवायची. तिला ते आवडत नव्हतं, मलाही नाही. एक दिवस चाचांनी हाक मारून विचारलं, "दवाखान्यात काय शिकवलं?"

"नवार विणायला," मी म्हणालो.

"हात कापता क्या?"

मी हात पुढे केला. थोडा कापत होता. त्यांनी त्या हातात तांब्याच्या तारेचं टोक दिलं आणि म्हणाले, "वेढे मोजत जा. चूक झाली तर पहिल्यापासून. हात खाली रह्या तो दिमाग बोलने लगता, भई."

त्या संध्याकाळी मी एक कॉइल तीन वेळा मोडली. चौथ्यांदा जमली तोवर आठ वाजून गेले होते आणि बायको जेवायला हाक मारत होती. घरी जाऊन मी कागद काढला आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'सहा ते आठ, चाचांचं दुकान.' बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं. मी बी मोकळी झाले."

उन्हाळ्यात मुलीला मंठाळहून आणलं. माझ्यापासून ती लांबच राहायची. मी खोलीत आलो की ती दारात जायची, मी दारात आलो की चुलीजवळ. जेवताना आईच्या पलीकडे बसायची. बायको म्हणायची, येईल हळूहळू. मी वाट बघितली. पावसाळा सुरू झाला, शाळा सुरू झाली, पण ती तशीच.

एका दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो होतो आणि खोलीत पडलो होतो. बाहेर शेजारची मुलगी तिला विचारत होती, "तुजे अप्पा काय करतेत?" आमची म्हणाली, "माजे अप्पा गावाला गेलेत. लई लांब. येनार न्हाईत."

मी उठलो, मागच्या दारानं बाहेर पडलो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला जो शिंदीखाना होता तिथं जाऊन बसलो. तो कुठं आहे हे मी कुणाला विचारलं नव्हतं, पण मला माहीत होता. दोन पेले प्यालो. तिसरा समोर आला तेव्हा मला मोठ्या अक्षरातली ती ओळ आठवली, आणि त्याहून जास्त, ती लिहिताना बायकोचा चेहरा कसा होता ते आठवलं. तिसरा पेला तसाच ठेवून मी उठलो. मी फार मोठं काही केलं असं नाही. मला भीती वाटली होती की आज लपवलं तर पुढच्या आठवड्यात मी परत कुठल्यातरी खांबावर असेन.

घरी बायको भाकरी थापत होती. मी दारातच उभा राहून म्हणालो, "प्यालोय. दोन पेले."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती हलली नाही. मग तिनं भाकरी उलटली, हात धुतले आणि म्हणाली, "कागद काढा." ती भांडली नाही. ओठ दाबून धरले होते आणि ते पांढरे पडले होते. मी कागद काढून शेवटची ओळ वाचली. ती म्हणाली, "उद्या सकाळी निघायचं. आता जेवा." मग तिनं चाचांना जाऊन सांगितलं, आणि चाचांनी औरादच्या बसच्या ड्रायव्हरकडे जोडीदारासाठी निरोप दिला. जोडीदार सकाळच्या पहिल्या बसनं आला. बिदरला जाताना बसमध्ये तो मला पूर्ण वाटभर ऑफिसातल्या भानगडी सांगत होता. प्यायलास कामून, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं. मी मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, "तिला कुणी काही सांगितलंय का?"

बायकोनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. घर, काम, गोळ्या, खुणा, सगळं आम्ही ठरवलं होतं. मुलीला काय सांगायचं, ते कागदावर नव्हतंच. तिनं बाप खांबावर बघितला, मग बाप नाहीसा झाला, मग एका नव्या गावात परत दिसला. मधलं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी तिला दुकानाच्या पायरीवर बोलावलं. ती आली, पण दोन हात लांब बसली. मी सांगायला सुरुवात केली. मला आजार झाला होता, मला नसलेले आवाज ऐकू यायचे, दारूनं तो वाढला, आता औषध चालू आहे. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत ऐकत होती.

"परत खांबावर चढणार?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"काय म्हणायचे ते आवाज?"

हा प्रश्न गावात मला कुणी विचारला नव्हता. आवाज येतात का, एवढंच विचारायचे. मी तिला सांगितलं, "ते म्हणायचे, तुझ्या अंगात करंट हाय. कुणाला शिवू नको, जळंल."

ती अंगठा थांबवून माझ्याकडे बघायला लागली. "म्हणून तुमी मला जवळ घेत नव्हतात?"

"व्हय."

"मला वाटायचं, तुमाला माझी घाण वाटायलीय."

दोन वर्षं मी तिला वाचवतोय असं समजून तिला दूर ढकलत होतो, आणि ती तेवढा काळ स्वतःत काय वाईट आहे ते शोधत होती. मी माझा हात पायरीवर ठेवला. तिनं लगेच धरला नाही. आधी एका बोटानं शिवून बघितलं, जसं आपण इस्त्री तापलीय का बघतो तसं. मग आत दुकानात गेली आणि चाचांना विचारलं, "करंट बघायचं ते यंत्र हाय का?" चाचांनी टेस्टर दिला. तिनं तो माझ्या दंडाला लावला. दिवा लागला नाही. ती म्हणाली, "न्हाई लागत," आणि माझ्या जवळ येऊन बसली.

त्या दिवशी मी कागदावर एक ओळ वाढवली, 'मुलीला सगळं सांगत राहणे.'

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या वर्षी एकदा बायकोनं जेवताना माझ्या ताटावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमी थांबलाव." मला काही ऐकू येत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. तरी गेलो बिदरला. गोळी वाढली, दीड महिना मला झोप झोप व्हायची, आणि आवाज जवळ आला तरी दाराबाहेरूनच परत गेला. पौर्णिमेला विहारात मी पहिली चार शीलं म्हणायचो आणि पाचव्याला गप्प बसायचो. ते म्हणायचा हक्क मला परत मिळाला असं मला वाटेपर्यंत दोन वर्षं गेली. एका पौर्णिमेला ते तोंडातून आपोआप आलं. शेजारच्या माणसानं तोंड फिरवलं नाही.

चाचांची नजर कमी झाल्यावर ऑफिसच्या वेळेबाहेर दुकान मी बघायला लागलो, ते आता बसून मोटारीचा आवाज ऐकतात आणि कुठं बिघडलंय ते सांगतात. मुलगी गुलबर्ग्याला नर्सिंगचं शिकतेय. सुट्टीत आली की माझ्या गोळ्यांची पुडी उघडून बघते आणि आईवर रागावते की तारीख संपलेली कामून ठेवलीस.

मागच्या वर्षी मंठाळहून एक बाई आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. माझ्या अक्कानं पाठवलं होतं. मुलगा पंचविशीतला, त्याच दवाखान्यातून आठ दिवसांपूर्वी सुटलेला. खुर्चीच्या कडेला बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. हात कापताना दिसू नयेत म्हणून ते दाबलेत, हे मला लगेच कळलं. मी कोरा कागद काढला आणि त्याला म्हणालो, लिहिणार तू, बोलू आपण सगळे.

त्याची आई मात्र रडत होती. ती माझ्या बायकोला म्हणाली, "तुमी कसं काढलं ओ ताई? मला तर वाटतं उठावं आन् निघून जावं कुठंतरी."

बायकोनं तिच्यापुढे चहा ठेवला. "मी बी निघाले होते," ती म्हणाली. "हे खांबावर बसले होते त्या दुपारी मी घरात पिशवी भरायले होते. माहेरला जायला. माझी दोन लुगडी, पोरीचे कपडे, सगळं भरलं होतं. तेवढ्यात लोक सांगत आले."

मी दहा वर्षांत हे पहिल्यांदा ऐकत होतो. लिहिणारा मुलगाही थांबला.

"मंग?" त्या बाईनं विचारलं.

"मंग काय. दुसऱ्या दिवशी ह्यांना न्यायचं ठरलं. घरात पिशवी एकच. माझी लुगडी काढली आन् ह्यांचे कपडे भरले." तिनं बशी पुढे सरकवली. "जायचं वाटतंय तर तेबी त्या कागदावर लिहा. लिहिलं म्हणजे गेलं असं नसतंय. पण तुमाला किती दिवस माहेरी ऱ्हायचंय, पोराजवळ तोवर कोण बसणार, हे ठरवायला येतंय. तुमी थकलाव तर ह्याचं कोण बघंल?"

त्या बाईनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच मुलाकडे न बघता कागदाकडे बघितलं. मुलानं मांडीखालचा एक हात बाहेर काढून पेन नीट धरलं. "किती दिवस लिहू, आई?" त्यानं विचारलं.

तिनं बोटांवर मोजलं. "आठ दिस," ती म्हणाली. "संक्रांतीला."

त्यानं ते लिहून घेतलं.